२ किलोवॉट हीटरचा कंट्रोलर घरी जोडायचा आहे: काय, कशाने आणि कोणत्या क्रमाने

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात कोथरूडमधल्या जुन्या इमारतीत घर आहे. आवळा आणि कोकम सरबताच्या बाटल्या ८५ अंशांच्या पाण्यात ठरावीक वेळ ठेवायच्या आहेत. त्यासाठी ५० लिटरच्या स्टीलच्या भांड्याला २ किलोवॉटचं एलिमेंट बसवून घेतलं आहे. पीआयडी कंट्रोलर (सेन्सरचं तापमान वाचून हीटर कमी-जास्त चालवणारा), ४० अँपिअरचा एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे कंट्रोलरच्या इशाऱ्यावर हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि सेन्सर तपकीर गल्लीतून आणले आहेत. घरातल्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर हे जोडलं तर चालेल का आणि कसं जोडायचं?

२ किलोवॉट घरी चालतील, मात्र जुन्या पॉइंटऐवजी स्वतंत्र लाइनवर. पण आणलेल्या तीन वस्तूंनी फक्त तापमान सांभाळलं जाईल. माणूस सांभाळायला आणखी सामान लागतं आणि ते या तिघांवर अवलंबून असता कामा नये. पीआयडी हा तापमान राखणारा नोकर आहे, त्याला पहारेकरी समजू नका. पुढचं सगळं याच एका मुद्द्यावर बेतलेलं आहे.

आधी आकडे. २००० वॉटला २३० व्होल्टने भागलं की ८.७ अँपिअर येतात. एलिमेंटचा रोध साधारण २६.५ ओहम असायला हवा. मल्टिमीटरने आत्ताच मोजून एलिमेंटवर मार्करने लिहून ठेवा, पुढे बिघाड शोधताना हा आकडा कामी येतो. ३० लिटर पाणी २५ वरून ८५ अंशांवर न्यायला हिशेबाने ६३ मिनिटं लागतात. भांडं, बाटल्या आणि वाफ धरून, झाकण ठेवलं तर, सव्वा तास ते दीड तास समजा. व्होल्टेज २०० वर उतरलं तर हेच २ किलोवॉटचं एलिमेंट जेमतेम १५०० वॉट देतं आणि २५० वर चढलं तर २३६० वॉट खातं, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. म्हणून वायर आणि स्विचगिअर ८.७ नव्हे, ९.५ अँपिअर धरून निवडायचं. आणि हे दोन-दोन तास सलग चालणार आहे, हे विसरायचं नाही. मिक्सर आणि इस्त्रीला चालून जाणारी ढिली जोडणी इथे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काळी पडते.

वीजबिलावरचा मंजूर भारही बघून घ्या. जुन्या घरांत तो बऱ्याचदा कमी असतो. हा हीटर आणि २ किलोवॉटचा गीझर एकाच वेळी चालले तर दोघांचेच १७ अँपिअरच्या वर जातात. भार वाढवायचा असेल तर महावितरणकडे अर्ज करा. तोपर्यंत आंघोळी उरकल्यावर पाणी तापवा.

आता अर्थिंग. जुन्या इमारतीत सगळ्यात जास्त चुका इथे निघतात, म्हणून यावर जरा थांबतो. सॉकेटला तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहे, असं नाही. जुन्या वाड्यांत आणि पहिल्या पिढीतल्या अपार्टमेंटमध्ये कधी वरच्या भोकाला वायरच नसते. कधी ती न्यूट्रलला मागच्या मागे जोडलेली असते. हा दुसरा प्रकार जीवघेणा आहे: वाटेत कुठेही न्यूट्रल तुटला की भांड्याच्या बॉडीवर थेट फेज येतो. मल्टिमीटरने फेज ते अर्थ २३० व्होल्ट दिसले तरी समाधान मानू नका. मीटरचा स्वतःचा रोध इतका मोठा असतो की गंजून धाग्याएवढी उरलेली वायरसुद्धा तो आकडा दाखवते. दिवा लावून अर्थिंग तपासण्याची जुनी पद्धत घरी करू नका. अर्थ तुटकी असेल तर त्या क्षणी घरातल्या फ्रिजपासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळ्यांच्या बॉडीवर करंट येतो. परवानाधारक वायरमनला बोलवा आणि अर्थ लूपचा (फेजपासून अर्थमार्गे परत जाणाऱ्या पूर्ण वाटेचा) रोध मीटरने मोजून आकडा लिहून मागा.

हा आकडा का हवा, ते सांगतो. समजा एलिमेंट फुटलं आणि फेज भांड्याला लागला. १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) झटक्यात पडण्याची खात्री १० पटीला, म्हणजे १६० अँपिअरला असते. तेवढा करंट वाहायला लूपचा रोध १.४ ओहमच्या आत हवा. बी प्रकारच्या एमसीबीला ८० अँपिअर आणि २.९ ओहम पुरतात. तुमच्या इमारतीचा रोध ५ ओहम निघाला तर करंट ४६ अँपिअर होतो. त्यावर एमसीबी कित्येक सेकंद तसाच उभा राहतो आणि तेवढा वेळ भांडं जिवंत असतं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकला की रोध आणखी वाढतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये सोसायटीच्या खड्ड्यात पाणी घालायची जुनी शिस्त योग्यच आहे.

यावर उपाय आरसीसीबी. ३० मिलिअँपिअरचा, दोन पोलचा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला नाही, तर तो बंद पडतो. गळतीला त्याला अँपिअर लागत नाहीत, मिलिअँपिअर पुरतात. त्यामुळे अर्थिंग थोडं कच्चं असलं तरी तो काम करतो. पण त्याच्या मर्यादाही नीट समजून घ्या. ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट त्याला कळत नाही, त्यासाठी एमसीबी वेगळा लागतोच. आणि एका हाताने फेज, दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर त्याच्या दृष्टीने माणूस म्हणजे दुसरा हीटर. तो पडत नाही. दोन्ही कामं एकत्र करणारा आरसीबीओ मिळतो. १६ अँपिअर, ३० मिलिअँपिअर, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा घ्या. १० अँपिअरचा घेऊ नका: बंद पेटी, मे महिन्याची उष्णता आणि ९.५ अँपिअर सलग, यात तो उगाच पडत राहतो. शुद्ध रोधाच्या लोडला सुरुवातीचा झटका नसतो, म्हणून बी प्रकार चांगला.

हा आरसीबीओ तुमच्या पॅनेलमध्ये (कंट्रोलरच्या पेटीत) नाही, भिंतीवर लावायचा. आतमध्ये लावला तर भिंतीपासून पॅनेलपर्यंतची केबल संरक्षणाबाहेर राहते, आणि ओल्या ओट्यावर घासणारी नेमकी तीच असते. एसी बसवताना वापरतात तो धातूचा एसी बॉक्स घ्या. त्यात आरसीबीओ आणि २० अँपिअरचा मेटलक्लॅड सॉकेट-प्लग बसतो. मुख्य डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या पेटीपासून) तिथपर्यंत ४ चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र लाइन ओढून घ्या. २.५ चौरस मिमी ८.७ अँपिअरला पुरते, पण ४ ची वायर सलग लोडवर थंड राहते आणि पुढे ३ किलोवॉटवर जायचं ठरवलं तर भिंत पुन्हा फोडावी लागत नाही. जुनी अॅल्युमिनियमची वायर असेल तर तिला तांब्याचा जोड देऊन वापरू नका. दोन धातूंच्या सांध्यावर गंज येतो आणि सांधा तापतो. ही भिंतीपर्यंतची सगळी कामं परवानाधारकाकडूनच करून घ्यायची. तुम्ही करायचं ते प्लगच्या पुढचं. एक्स्टेन्शन बोर्ड, मल्टिप्लग आणि इन्व्हर्टरची लाइन या तिन्ही गोष्टी या हीटरला वर्ज्य.

रंगांचं एक सांगून ठेवतो. आपल्याकडच्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. तयार केबलमध्ये तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. पॅनेलमध्ये दोन्ही पद्धती एकत्र येतात, आणि जुन्या घरात आधीच्या माणसाने रंग पाळले असतीलच असं नाही. जोडण्यापूर्वी प्रत्येक वायर मोजून खात्री करा.

आता एसएसआर. यात हलणारा भाग नसल्यामुळे तो दोन सेकंदांच्या चक्राने वर्षानुवर्षं चालू-बंद होऊ शकतो, म्हणून पीआयडीबरोबर तोच योग्य. पण त्याचे दोन दोष कायम लक्षात ठेवा. पहिला: तो बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा आतून शॉर्ट होतो, म्हणजे कायमचा चालू राहतो. पीआयडीवर ८५ दिसेल, आउटपुटचा दिवा विझलेला असेल आणि एलिमेंट मात्र पूर्ण ताकदीने तापत राहील. दुसरा: बंद असतानाही त्यातून काही मिलिअँपिअर झिरपतात. बंद एसएसआरच्या पुढच्या टर्मिनलला हात लावला तर शॉक बसतो. तेव्हा एसएसआर हा स्विच आहे, आयसोलेटर नाही.

४० अँपिअर छापलेला स्वस्त एसएसआर प्रत्यक्षात तेवढा नसतो. ८.७ अँपिअरला तो पुरेल, पण हीटसिंकवरच (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांवर) बसवून. चालू असताना त्याच्यावर साधारण १.२ व्होल्ट पडतात, म्हणजे १० वॉट उष्णता तो सतत सोडतो. बंद पेटीत १० वॉट पुष्कळ होतात. हीटसिंक पेटीच्या बाहेर काढा, पाती उभ्या ठेवा, मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर द्या, लिंपू नका. तासाभराने (प्लग काढून) हीटसिंकला हात लावून दोन-तीन सेकंदही धरवत नसेल तर तो लहान पडतोय.

एसएसआर अडकणार हे गृहीत धरलं की त्याच्या आधी कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज मिळाली की जोडणारा, गेली की तोडणारा मोठा स्विच) हवा, हे ओघानेच येतं. २५ अँपिअरचा, एसी-१ (हीटरसारख्या रोधाच्या लोडच्या) रेटिंगचा, २३० व्होल्ट कॉइलचा. त्याच्या दोन पोलांतून फेज आणि न्यूट्रल दोन्ही न्या. न्यूट्रल का तोडायचा? सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे. तसं असेल तर फक्त एक वायर तोडणाऱ्या पॅनेलमध्ये एलिमेंट बंद असूनही फेजवर राहतं.

हा कॉन्टॅक्टर पीआयडीने नव्हे, स्वतंत्र साखळीने चालवायचा. साखळी २४ व्होल्ट डीसीवर ठेवा, म्हणजे भांड्यात उतरणाऱ्या वायरींमध्ये २३० व्होल्ट येणार नाहीत. शिवाय लहान फ्लोट स्विचचे (पाण्याची पातळी उतरली की तोडणाऱ्या तरंगत्या स्विचचे) आतले संपर्क नाजूक असतात, कॉन्टॅक्टरची कॉइल थेट त्यांवर टाकली तर ते चिकटतात. एक छोटा एसएमपीएस (२३० व्होल्टचे २४ व्होल्ट डीसी करून देणारा) घ्या. त्याच्या २४ व्होल्टपासून १ अँपिअरचा फ्यूज, मग लाल इमर्जन्सी स्टॉप, मग हाय-लिमिट थर्मोस्टॅटचा (तापमान फार चढलं की तोडणारा, पुढे सांगतो) संपर्क, मग फ्लोट स्विच, मग हिरवं स्टार्ट बटण आणि शेवटी दोन चेंजओव्हर (दोन स्वतंत्र संपर्क) असलेल्या रिलेची कॉइल. रिलेचा एक संपर्क स्टार्ट बटणाला समांतर जोडा, म्हणजे बोट काढल्यावर रिले स्वतःला धरून ठेवतो. दुसऱ्या संपर्कातून कॉन्टॅक्टरच्या कॉइलला २३० व्होल्ट द्या, २ अँपिअरच्या फ्यूजमधून. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड टाका, नाहीतर कॉइल सुटतानाच्या उसळीने फ्लोटचा संपर्क झिजतो.

स्वतःला धरणाऱ्या या रिलेचा फायदा वीज गेल्यावर कळतो. लाइट गेले, तुम्ही बाटल्या काढून घेतल्या, प्लग काढायचा राहिला, बाहेर गेलात आणि तासाने वीज आली. साधा स्विच असेल तर हीटर रिकाम्या घरात सुरू होतो. इथे कोणीतरी येऊन हिरवं बटण दाबेपर्यंत काहीच होत नाही.

हाय-लिमिट म्हणजे काय, तर गीझरमध्ये थर्मोस्टॅटच्या जोडीला वेगळा थर्मल कट-आउट असतो, तोच विचार. केशनळीचा (बारीक नळीच्या टोकाचा बल्ब पाण्यात बुडवायचा असतो तो), हाताने रिसेट करावा लागणारा घ्या. तो कोणत्या आकड्यावर ठेवायचा हे पुण्यात विशेष महत्त्वाचं आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. लिमिट १०० वर ठेवलात तर ते पाण्यात कधीच पडणार नाही! भांडं उकळत राहील, २ किलोवॉट तासाला तीन लिटरच्या आसपास पाणी वाफेत घालवतील आणि एलिमेंट उघडं पडेपर्यंत कोणालाही कळणार नाही. उघडं पडलेलं एलिमेंट एक-दोन मिनिटांत लाल होऊन जातं. लिमिट ९३ वर ठेवा. ८५ च्या कामाला आडवं येत नाही आणि उकळीच्या आधी तोडतं. फ्लोट एलिमेंटच्या वरच्या कडेपेक्षा किमान ५ सेंटिमीटर वर बसवा.

पीआयडीमध्येही अलार्म रिले असतो आणि तोच वापरून लिमिटचा खर्च वाचवावा असं वाटतं. वाचवू नका. अलार्म आणि कंट्रोल दोन्ही एकाच सेन्सरवर विसंबून असतात. सेन्सर पाण्याबाहेर घसरला तर दोघांनाही पाणी थंडच वाटतं.

सेन्सर पीटी-१०० घ्या, तीन वायरींचा. के प्रकारचं थर्मोकपल भट्टीला चांगलं, पण ० ते १०० अंशांत पीटी-१०० जास्त भरवशाचा आणि मल्टिमीटरने तपासता येणारा. ० अंशांना १०० ओहम, २५ ला १०९.७, ८५ ला १३२.८. दोन सारख्या रंगाच्या वायरींमध्ये जवळपास शून्य ओहम दिसतात, तिसरी वेगळ्या रंगाची. तुटला तर रोध अनंत होतो, कंट्रोलर एरर दाखवून आउटपुट बंद करतो. पण आतून शॉर्ट झाला तर रोध घटतो आणि काही कंट्रोलर त्याला थंडी समजून हीटर लावून ठेवतात. वेगळ्या लिमिटचं आणखी एक कारण. सेन्सरची टोकं भांड्याच्या अर्ध्या उंचीवर, एलिमेंटपासून आणि तळापासून दूर ठेवा. स्थिर पाण्यात वर-खाली चांगलाच फरक पडतो. छोटा पंप लावून पाणी फिरवता आलं तर सगळ्या बाटल्यांना सारखं तापमान मिळतं. सेन्सरची केबल २३० व्होल्टच्या केबलला बांधून नेऊ नका, आकडे नाचतात.

पीआयडी विकत घेताना लेबलवरचा आउटपुट वाचा. एसएसआर आउटपुट म्हणजे कंट्रोलर स्वतः १२ व्होल्ट डीसी देतो. रिले आउटपुट म्हणजे फक्त कोरडा संपर्क, त्याला एसएसआर जोडून काहीच होत नाही आणि माणूस एसएसआर खराब म्हणून परत करतो. एसएसआरवर ३ आणि ४ या कंट्रोलच्या बाजू आहेत, ३ ला धन, ४ ला ऋण. १ आणि २ लोडच्या. चुकून ३-४ ला २३० व्होल्ट दिले तर एसएसआर गेलाच आणि बहुधा कंट्रोलरही.

मुख्य मार्ग असा: प्लगमधून तीन कोअरची २.५ चौरस मिमी लवचीक केबल ग्लँडमधून (केबल घट्ट धरणाऱ्या बुचातून) पेटीत. फेज आणि न्यूट्रल टर्मिनलवर. तिथून कॉन्टॅक्टरच्या दोन पोलांत. कॉन्टॅक्टरमधून बाहेर पडलेला फेज एसएसआरच्या १ ला, २ मधून एलिमेंटला. न्यूट्रल कॉन्टॅक्टरमधून थेट एलिमेंटला. पीआयडी आणि एसएमपीएसचा पुरवठा कॉन्टॅक्टरच्या आधीच्या टर्मिनलवरून, २ अँपिअरच्या फ्यूजमधून. अर्थ कुठेही स्विच, फ्यूज किंवा कॉन्टॅक्टरमधून जात नाही. ती थेट एका अर्थ बोल्टवर येते आणि तिथून पेटीला, पेटीच्या दाराला वेगळ्या लवचीक वायरने, हीटसिंकला, एलिमेंटच्या फ्लँजला आणि भांड्याला जाते. बोल्टखालचा रंग खरवडून स्टार वॉशर टाका. पावडर कोटिंगवर आवळलेला लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) म्हणजे अर्थिंग नाही. पेटीत अर्थची वायर सगळ्यात लांब ठेवा, म्हणजे केबल ओढली गेली तर ती शेवटी सुटेल.

टोकांना लग लावून क्रिम्पिंग टूलने दाबा. पक्कडीने चेपू नका. आणि टोकांना सोल्डर पाजून स्क्रूखाली आवळायची सवय असेल तर ती सोडा: सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतं, स्क्रू ढिला पडतो आणि टर्मिनल जळतं. शॉर्टसर्किट न होताही अशा ढिल्या स्क्रूने आग लागू शकते. एमसीबी तर त्यात पडतही नाही, कारण करंट ८.७ अँपिअरच असतो.

साधी पीव्हीसी वायर ७० अंशांपर्यंतची असते. ८५ अंशांच्या भांड्याला चिकटलेल्या एलिमेंटच्या टर्मिनलवर ती कडक होऊन तडकते. शेवटचे ३०-४० सेंटिमीटर सिलिकॉनची वायर वापरा. एलिमेंटच्या टर्मिनलवर झाकण हवंच, आणि फ्लँजची गास्केट गळू लागली तर पाणी थेट टर्मिनलवर येणार नाही असं ते बसवा. केबल पेटीत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर न्या, ओघळणारं पाणी झोळावरून गळून जातं. पेटी भांड्याच्या बाजूला, वाफेपासून दूर, ओट्याच्या वर भिंतीवर. भांड्याच्या माथ्यावर कधीच नको.

पहिली वीज देण्याआधी, प्लग बाहेर असताना: प्लगची अर्थ पिन ते भांडं, दार, हीटसिंक हे प्रत्येकी अर्ध्या ओहमपेक्षा कमी हवं (मीटरच्या लीड एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा). फेज पिन ते अर्थ आणि न्यूट्रल पिन ते अर्थ, दोन्ही उघडे (मीटरवर रोध अनंत). वायरमनकडे ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर) असतो. एलिमेंटचं टर्मिनल ते भांडं १ मेगओहमच्या वर हवं, नवं एलिमेंट त्याहून कितीतरी जास्त दाखवतं.

मग एलिमेंटऐवजी १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब लावा. एलईडी नको, तो एसएसआरच्या झिरपणाऱ्या करंटवरच मिणमिणतो आणि फसवतो. पीआयडीत सेन्सरचा प्रकार, एसएसआर आउटपुट, २ सेकंदांचं चक्र आणि सेटपॉइंटची (राखायच्या तापमानाची) कमाल मर्यादा ९० भरा. बल्ब लागला की एकेक गोष्ट मुद्दाम बिघडवा. सेन्सरची वायर काढा: बल्ब विझला पाहिजे. फ्लोट खाली करा: कॉन्टॅक्टर खट्कन सुटला पाहिजे आणि फ्लोट वर केल्यावर आपोआप लागता कामा नये. लिमिटच्या केशनळीचं टोक उकळत्या पाण्यात धरा, इमर्जन्सी दाबा, प्लग काढून परत लावा. शेवटी प्लग काढून एसएसआरच्या १ आणि २ मध्ये वायर टाकून तो अडकला असं सोंग करा, पुन्हा सुरू करा आणि साखळी तरीही तोडते का ते बघा. सगळ्यात महत्त्वाची चाचणी हीच. नंतर ती वायर आठवणीने काढा.

पाण्यासकट पहिल्या फेरीत नेहमीएवढं पाणी भरून ऑटो-ट्यून (कंट्रोलर स्वतःला भांड्याशी जुळवून घेतो ती सोय) लावा. रिकाम्या किंवा अर्ध्या भांड्यावर केलेलं ट्यूनिंग पूर्ण भांड्याला जुळत नाही. पाणी गार करायची सोय नसल्यामुळे एकदा ८९ वर गेलेलं पाणी बराच वेळ तिथेच राहतं. तासाभराने प्लग काढून पिनांना हात लावा: कोमट ठीक, चटका बसला तर सॉकेट ढिलं आहे. पहिल्या आठवड्यानंतर सगळे स्क्रू पुन्हा आवळा, मग दर सहा महिन्यांनी. आरसीबीओचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. भांड्यात हात, चिमटा किंवा डाव घालण्याआधी प्लग काढायचा, स्विच बंद करून भागत नाही.

बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी वापरत असाल तर एलिमेंटवर पांढरा थर चढतो. थराखाली एलिमेंटची उष्णता अडकते, आतली तार जास्त तापते आणि आयुष्य घटतं. लिटरला २० ग्रॅम सायट्रिक अॅसिड घातलेल्या कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवून धुवा. सुरीने खरवडू नका, नळीला चरा पडतो.

पावसाळ्यात हमखास येणारी तक्रार: दोन-तीन महिने बंद ठेवलेला हीटर सुरू करताच आरसीबीओ पडतो. एलिमेंटच्या आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड टोकाकडून दमट हवा शोषते आणि गळती वाढते. अशा वेळी आरसीबीओ बाजूला काढून 'फक्त एकदा' चालवून बघायचा मोह टाळा. प्लग काढा, एलिमेंटच्या दोन्ही वायरी सोडवा आणि पॅनेल एकटं सुरू करा. तरीही पडला तर दोष पॅनेलमध्ये किंवा केबलमध्ये, नाही पडला तर एलिमेंटमध्ये. एलिमेंट काढून दोन-तीन दिवस कडक उन्हात किंवा १०० ते १२० अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास सुकवून (गास्केट आणि प्लॅस्टिकचे भाग काढून) मेगर पुन्हा लावा. आकडा मेगओहमच्या वर चढला तर परत बसवा आणि टर्मिनलचं तोंड सिलिकॉनने बंद करा. सुकवूनही चढला नाही, किंवा सुरुवातीला लिहून ठेवलेला २६.५ ओहमचा आकडा बराच बदललेला दिसला, तर एलिमेंट आतून गेलं आहे. ते एलिमेंट दुरुस्त होत नाही, नवं आणा.